मनाचा हिशेब : उद्याच्या पगाराची खात्री नसताना

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : पैसा येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि त्याने मन पोखरलं जातंय. समुपदेशक आणि कुटुंबाचं अर्थनियोजन पाहणारे सल्लागार यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. अशा वेळी काही चिंता मनातली असते आणि काही वहीतली, आणि एकाच बाजूने सोडवायला गेलं की दुसरी तशीच राहते. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या आयटी कंपनीत कपात होणार अशी कुजबुज चार महिने चालू आहे. दर शुक्रवारी कोणाचा तरी लॅपटॉप जमा होतो. गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार आहे. रात्री तीनला जाग येते ती पहाटेपर्यंत. नोकरी अजून आहे, पण मन मात्र ती गेल्यासारखंच वागतंय. — एक वाचक, हिंजवडी

टांगणीवर असणं हे वाईट बातमीपेक्षाही जास्त थकवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात हाताला दुखरा विजेचा झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त करून लोकांचा ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. सर्वांत जास्त होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. तुमची सध्याची स्थिती नेमकी तीच आहे. नोकरी राहील का, हे तुमच्या हातात नाही. पण गेली तर घर किती महिने चालेल, हे आज संध्याकाळी कळू शकतं. तेवढं तरी कळून घ्या.

कागदावर दोन आकडे काढायचे. पहिला, लगेच हातात येणारा पैसा : बचत खातं, मोडता येणारी मुदत ठेव, लिक्विड फंड. पीएफ, दागिने आणि राहता फ्लॅट यात धरायचे नाहीत. दुसरा, काटकसरीचा मासिक खर्च. समजा हप्ता ३८,०००, किराणा-दूध-गॅस १२,०००, शाळा ५,०००, वीज-सोसायटी-मोबाइल ६,०००, औषधं आणि विमा ४,०००, म्हणजे ६५,०००. हातात ३,९०,००० असतील तर सहा महिने. आज सवयीने ९५,००० खर्च होत असतील तर तेच पैसे जेमतेम चार महिने पुरतात. बहुतेक घरांत चूक होते ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात : जूनमधली फी, विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि ती रक्कम मासिक खर्चात घाला.

त्याच कागदाखाली तीन ओळी आताच लिहून ठेवा. नोकरी गेली की त्याच आठवड्यापासून ६५ हजारांचा खर्च सुरू. शिल्लक तीन महिन्यांवर आली की बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलायचं. दोन महिन्यांवर आली की कमी पगाराची किंवा कंत्राटी नोकरीही स्वीकारायची. निर्णय आधी ठरलेले असले की रात्री तीनला तेच पुन्हा घ्यावे लागत नाहीत. बँकेत मात्र पहिला हप्ता चुकण्याआधी जा. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फार काही उरत नाही. आणखी एक : कंपनीच्या समूह आरोग्य विम्याचं संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोकरीत असतानाच विचारून ठेवा.

आता मन. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, साडेसहाला म्हणा, वीस मिनिटं चिंतेसाठी राखून ठेवा. खुर्चीत बसायचं, वही घ्यायची, दोन रकाने आखायचे : ‘उद्या यावर काही करता येईल’ आणि ‘काही करता येणार नाही’. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक कृती आणि वेळ लिहायची. दुसऱ्यातल्या ओळी फक्त लिहायच्या. दिवसभरात चिंता आली की तिला हाकलायचं नाही. ‘साडेसहाला बघू’ म्हणून एक शब्द टिपून ठेवायचा. हे फसतं ते दोन कारणांनी : लोक ते अंथरुणात पडून करतात, किंवा तीन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडतात. दोन आठवडे तरी द्या. ऑफिसमधल्या अफवांचा व्हॉट्सॲप गट दिवसातून दोनदाच उघडा आणि रात्री आठनंतर अजिबात नको.

तीनला जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप परत आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. मंद दिवा, कंटाळवाणं वाचन, मोबाइल नाही. डोळे जड झाले की परत जा. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. रात्रीची झोप सकाळी भरून काढायला गेलात की पुढची रात्र बिघडते. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. आणि झोप यावी म्हणून दारू घेत असाल तर ती लवकर झोपवते आणि तीनलाच उठवते, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : नोकरी जाऊन पाच आठवडे झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि वाचनालयात बसून परत येतो. आईला हृदयविकार आहे. पत्नीला कसं सांगू? — एक वाचक, डोंबिवली

याच आठवड्यात सांगा. दुसरी नोकरी मिळाली की सांगू, असं ठरवलंत तर प्रत्येक मुलाखतीवर दुहेरी ओझं येतं, आणि ते समोरच्याला दिसतं. शिवाय अशी बातमी लपत नाही. ती जुन्या सहकाऱ्याच्या फोनवरून घरी पोचली, तर नोकरी जाण्यापेक्षा लपवल्याचा घाव मोठा होतो.

पत्नीला आधी, एकटीला, सकाळच्या वेळी सांगा. रात्री थकल्यावर नको, मुलं शेजारच्या खोलीत असताना नको. तीन वाक्यं पुरेत : नोकरी अमुक तारखेला गेली, मी घाबरून सांगितलं नाही, ते चुकलं, आपल्याकडे इतके महिने पुरतील एवढे पैसे आहेत. वरच्या उत्तरातला हिशेब आधी करून ठेवा, कारण तिचा पहिला किंवा दुसरा प्रश्न तोच असेल. ती चिडेल, आणि बहुधा त्या पाच आठवड्यांवर चिडेल. तिथे सफाई देत बसू नका. पुढचं सगळं नियोजन तयार करून मगच सांगायचं, हाही हट्ट नको. ते दोघांनी करायचं असतं.

आईला नंतर सांगा, थोडक्यात, आणि काय बदलणार नाही ते आधी : औषधं चालू राहतील, डॉक्टरांची तारीख चुकणार नाही. लहान मुलांना एवढंच पुरतं की बाबा सध्या घरी आहेत, नवं काम शोधताहेत आणि यात तुमची काही चूक नाही. दहावी-बारावीतल्या मुलांपासून आकडे लपवू नका. त्यांना ते कळतातच, फक्त ते स्वतःच्या मनाने मोठे करून घेतात.

मग दर रविवारी अर्धा तास हिशेबाची बैठक ठेवा. पैशाचा वाद तिथेच. जेवणाच्या ताटावर नाही. पगार आल्यासारखं दाखवायला क्रेडिट कार्डावर रोख उचलली असेल, तर तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत असतं, आणि मोडायची असेल तर सगळ्यात आधी एखादी मुदत ठेव याच्यासाठी मोडावी.

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. सात महिने घरी आहे. सुरुवातीला जोमाने अर्ज केले, आता दुपारपर्यंत उठावंसं वाटत नाही. वेळच वेळ आहे, पण काहीच होत नाही. मी आळशी झालोय का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही. हे इतकं नेहमीचं आहे की त्याचा अभ्यास नव्वद वर्षांपूर्वीच झालाय. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी महामंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून नोंदी केल्या. त्या १९३३ साली प्रसिद्ध झाल्या. गावात रिकामा वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मुख्य रस्त्यावर पुरुष वाटेत पुन्हा पुन्हा थांबत, रमतगमत चालत. बायकांचा दिवस मात्र घरकामामुळे बांधलेला राहिला होता. (१९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावातली घरं कोणाच्या कष्टांवर चालली, हे ज्यांना आठवतं त्यांना यात नवल वाटणार नाही.)

याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्यापेक्षा मोठ्या कामातला वाटा, समाजात ओळख, आणि नियमित हालचाल. पगाराची सोय लगेच होणार नाही. पण या पाचांपैकी तीन-चार गोष्टी नोकरीविनाही उभ्या करता येतात, आणि त्या ठरवूनच कराव्या लागतात.

उठायची वेळ कारखान्याच्या पहिल्या पाळीला होती तीच ठेवा. अंघोळ, दाढी, बाहेरचे कपडे. सकाळी तीन तास नोकरीचं काम, त्याहून जास्त नको. आठ तास स्क्रीनसमोर बसून शंभर ठिकाणी एकच बायोडेटा पाठवणं हे कामाचं सोंग आहे. त्या तीन तासांत दोन नेमके अर्ज आणि एक फोन किंवा प्रत्यक्ष भेट. एमआयडीसीतल्या नोकऱ्या पोर्टलपेक्षा ओळखीतून जास्त फिरतात, त्यामुळे जुने कंत्राटदार, पुरवठादार, दुसऱ्या शिफ्टचे सहकारी यांची यादी करा. दुपारी शरीराचं काम : अर्धा-पाऊण तास चालणं आणि घरातली एक जबाबदारी पूर्णपणे तुमची, उदाहरणार्थ मुलांची ने-आण. आठवड्यातून तीनदा अशी जागा जिथे कोणी तुमची वाट पाहतं : आयटीआयच्या पोरांना मापनाची साधनं शिकवणं, सोसायटीचे हिशेब, भजनी मंडळ, काहीही.

इच्छा नसताना हे कसं करायचं? उलट क्रमाने. आधी कृती, मग इच्छा. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांवर ‘संगत’ या संस्थेने नेमका हाच उपचार वापरून पाहिला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तो दिला, आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या दोन कृती वेळेसह लिहायच्या. केल्यावर मन कसं आहे त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. कृती इतकी लहान असावी की वाईट दिवशीही जमेल. ‘रोज पाच किलोमीटर’ लिहिणारे चौथ्या दिवशी थांबतात, ‘चौकातून पेपर आणणे’ लिहिणारे टिकतात.

नकाराची तालीमही करा. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेरोजगारांसाठी ‘जॉब्स’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात अर्ज-मुलाखतीच्या कौशल्यांइतकाच भर अपयश येणार हे आधीच धरून चालण्यावर होता. तुम्हीही लिहा : ‘मुलाखतीनंतर दोन आठवडे उत्तर आलं नाही, तर मी काय करीन?’ उत्तर ठरलेलं असावं : एक फोन, मग यादीतलं पुढचं नाव. जुन्या कंपनीवरचा राग आतच धुमसत असेल तर तोही कागदावर काढा, सलग चार-पाच दिवस रोज वीस मिनिटं. नोकरी गेलेल्या अभियंत्यांवरच्या १९९४ च्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्यांना नोकरी लवकर मिळाली. त्यांनी धडपड जास्त केली म्हणून नव्हे. जुन्या नोकरीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी निवळली म्हणून. लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही, फाडून टाकलंत तरी चालेल.

आणि एक तपासणी. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटतंय किंवा कशातच रस नाही, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, स्वतःला निरुपयोगी समजताय, तर ही निव्वळ परिस्थिती उरलेली नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली जाऊ शकते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवीच. औषध सुरू केलं तर परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात गुण नाही म्हणून गोळ्या बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

प्रश्न : सकारात्मक विचार, ध्यान, कृतज्ञतेची डायरी यांनी खरंच फरक पडतो का? — एक वाचिका, सांगली

श्वासाने पडतो, थोडा पण लगेच : चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही खूप खोल श्वास घेताय; खोली कमी करा, वेग नको वाढवू. ध्यानाची सवय आधीपासून असेल तर चालू ठेवा. ‘सगळं चांगलंच होईल’ हे मात्र आम्ही सुचवत नाही. हप्त्याची तारीख जवळ आली की मन त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि मग विश्वास बसत नाही म्हणून माणूस स्वतःलाच दोष देतो. ‘या महिन्याचं भागलं आहे, पुढच्याचं ठरवतोय’ हे वाक्य खरं असेल तर जास्त उपयोगी.

प्रश्न : सोयाबीनला भाव नाही, बँकेचं आणि सावकाराचं कर्ज आहे. बाबा बोलत नाहीत, जेवत नाहीत. परवा म्हणाले, ‘मी नसलो तर तुमच्यामागचा ताप तरी जाईल.’ आई म्हणते, असं बोलून दाखवणारा काही करत नाही. — एक वाचक, वाशीम जिल्हा

आईंचा समज चुकीचा आहे, आणि हे आजच करायचं काम आहे.

बाबांना शांतपणे, सरळ विचारा : ‘बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर उपदेश नको, ‘आमचा विचार केला नाही का’ हेही नको. ऐका, आणि त्यांना एकटं सोडू नका. घरातली आणि गोठ्यातली सगळी कीटकनाशकं, तणनाशकं आजच बाहेर काढून विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. असा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो; तो टळला तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या, त्या याच कारणाने.

१४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बाबा फोन घेणार नसतील तर तुम्ही स्वतः करा. विचार पक्का वाटत असेल, कसं करायचं हे त्यांनी ठरवलेलं असेल, तर फोनवर थांबू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात न्या. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

कर्जाचं त्यानंतर, आणि बाबांवर एकट्यावर टाकून नको. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कापणीआधीच्या ओढाताणीत खालावलेली होती आणि पैसा हाती आल्यावर सुधारली. माणूस तोच, फक्त डोक्यातली जागा टंचाईने अडवलेली. म्हणून या काळात जमीन विकणं, नवी उचल, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही यातलं काहीही एकट्याने आणि त्याच दिवशी करायचं नाही, असा घरात नियम करा. सगळी देणी एका कागदावर : कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय, परवाना आहे का. सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्यासाठीही अर्ज करता येतो. हा कागद बाबांसमोरच करा. देणं किती आहे हे मोजलं गेलं की बऱ्याचदा ते मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतं; मोठं निघालं तरी आता ते चौघांचं असतं.

प्रश्न : पार्लरचं भाडं थकलं म्हणून ॲपवरून १२ हजार घेतले. आता माझ्या फोनमधल्या लोकांना मेसेज जाताहेत. लाजेने घराबाहेर पडत नाही. — एक वाचिका, नाशिक

लाज हेच त्यांचं वसुलीचं हत्यार आहे, त्यामुळे आधी ते बोथट करा. सगळ्या संपर्कांना स्वतःच एक मेसेज पाठवा : ‘माझ्या नावाने कर्जाबद्दल धमकीचे मेसेज आले तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा. मी तक्रार केली आहे.’ लोकांना तुमच्याकडून आधी कळलं की धमकीत दम उरत नाही.

ॲप काढून टाकण्याआधी कर्जाचा तपशील, मेसेज, कॉलची यादी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची संपर्क आणि फोटोंची परवानगी बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क, फोटो पाहताच येत नाहीत, आणि वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमक्या, बदललेले फोटो असा प्रकार असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ॲपमागची संस्था नोंदणीकृत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८.

हे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज घेऊ नका. १२ हजारांचे ६० हजार होतात ते याच वाटेने. त्यापेक्षा भिशीतला नंबर आधी मागा, बचत गटाकडे किंवा पतसंस्थेकडे जा, किंवा जागामालकाशी थकलेलं भाडं तीन भागांत देण्याचं बोला. आणि फेडाल ते फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन. फोन करणाऱ्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही नको.